गोडं पाणी, सांडपाणी

५ जानेवारी, रविवार

खताच्या दुकानातून दरवर्षी एक डायरी येते. हे पहिल्या पानावर 'वृषभ मगदूम, कसबा बावडा' असं झोकात लिहितात आणि मग ती वर्षभर फडताळात पडून राहते. यंदा मी ती उचलली. आमच्या घरात एक वेडेपणा चाललाय, तो कुणीतरी लिहून ठेवायला हवा.

वेडेपणा असा. घराच्या मागं आंब्याची झाडं आहेत, त्याला लागून उसाचं रान. ह्यांनी ऊस मोडला आणि तिथं गाड्या उभ्या करायची जागा करायला घेतली. साध्या गाड्या नव्हेत. पोटात घर असलेल्या. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं. लोक म्हणे अशा गाडीतून महिना महिना फिरतात आणि सोय बघून मुक्काम करतात. "वीज कुटंबी मिळती," हे मला समजावतात, "पर पाण्याची अडचण असती बघ त्यांची. गोडं पाणी भरायचं कुटं आणि वापरल्यालं ओतायचं कुटं." असं बोलतात की जणू जन्म गाडीत काढलाय. श्रवणबेळगोळ सोडलं तर ह्या माणसानं परगावी मुक्काम केलेला मला आठवत नाही.

गावात हसतात. मीही हसते, पण घरात.

आज ह्यांना बस्तीतून, आमच्या जैन मंदिरातून, यायला फार उशीर झाला. पूर्वी दर्शन घेतलं की लगेच परत. वय झालं की माणूस देवाकडं वळतो, तसं असेल. माझ्या ते पथ्यावरच पडतं, कारण रविवारी ह्याच वेळेला आदितीचा फोन येतो.

आदिती आमची एकुलती एक. चार वर्षांमागं तिनं आर्यनशी लग्न केलं. कॉलेजातली ओळख. तो बौद्ध, आम्ही जैन. तिनं घरी विचारलं, ह्यांनी नको म्हटलं, तिनं नोंदणी करून लग्न केलं आणि सांगायला दारात आली. हे उंबऱ्यात उभे राहिले. "ह्या घराचा उंबरा परत चढायचा न्हाय," म्हणाले. ती म्हणाली, "बरं आप्पा." दोघं एकाच मातीची. त्या दिवसापासून तिनं उंबरा चढलेला नाही आणि ह्यांनी तिचं नाव घेतलेलं नाही.

मी रविवारी बोलते. ह्यांना पत्ता नाही.

९ जानेवारी

पेठ वडगावहून अरिहंत आलाय, माझ्या दिरांचा मुलगा. जागेची इंटरनेटवरची जाहिरात, नोंदणी, सगळं तो बघणार. त्यानं आज कागदावर चित्र काढून मला समजावलं. गाडीच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी. गोड्या पाण्याची टाकी. बेसिन आणि अंघोळीच्या पाण्याची टाकी, ते सांडपाणी. आणि संडासाची पेटी, ती ओढून बाहेर काढता येते. तिघींची गाठ पडू द्यायची नाही, सगळं शास्त्र एवढंच. मी म्हटलं, हे तर माझ्या सासूबाईंनी मोरीत उभं करून शिकवलंय. प्यायचा तांब्या वेगळा, सांडायचा वेगळा.

ह्यांनी मांडणी चांगली केलीय, ते मान्य करायला हवं. प्यायच्या पाण्याचे नळ निळे. सांडपाण्याला चर, चराच्या तोंडाशी तेल अडवायचा हौद, पुढं खडी आणि कर्दळ, आणि कर्दळीतून निवळलेलं पाणी केळींना. संडासाच्या पेट्या रिकाम्या करायची जागा पार बांधाकडं, विहिरीपासून लांब, तिथं सेप्टिक टाकी आणि लाल नळ.

फक्त एक कळलं नाही. गाड्या उभ्या करायला बांधलेल्या ओट्यांपैकी दोन नंबरचा सगळ्यांत चांगला. आंब्याची सावली, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. तोच हे कुणाला देणार नाहीत म्हणे.

"कुणासाठी ठेवलाय?"

"असू दे. एखादं पावणं अवचित आलं तर?"

असा धंदा करतात होय? आणि तिथला नळ गवंड्याकडून वर सरकवून घेतला. "उंच माणसाला वाकाय लागाय नको." परदेशी लोक येतील असं ह्यांच्या डोक्यात असावं.

१८ जानेवारी

पहिले पाहुणे आले! साताऱ्याकडचे विजयसिंह, फौजेतून निवृत्त, आणि त्यांच्या बायको अनुजाताई. अनुजाताईंनी मला गाडी आतून दाखवली. भांडी आधी कागदानं पुसून घेतात, मग थोड्याशा पाण्यात धुतात. अंघोळ करताना अंग भिजवायचं, नळ बंद, साबण, मग परत नळ. "गाडीत राहिल्यावर पाण्याची किंमत कळली बघा," म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्यात म्हणतात, पाणी तुपासारखं वापरावं. त्यांना ते फार आवडलं.

तिकडं बांधावर विजयसिंहांनी संडासाच्या पेटीत घालायला एक निळं औषध काढलं. ह्यांनी त्यांचा हातच धरला.

"ते नको पावणं. आमच्या टाकीत बारीक जीव असत्यात, तेच घाण खात्यात. ह्या औषधानं ते मरत्यात."

"मगदूमसाहेब, संडासातल्या किड्यांचीबी काळजी?"

"जीव त्यो जीव," हे म्हणाले. हसले नाहीत.

मी गाडीतल्या बाकावर जरा बसून घेतलं. खिडकीतून आमचंच घर दिसत होतं, तरी कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटलं.

२६ जानेवारी, रविवार

आदितीचा फोन. ती आणि आर्यन गेल्या वर्षापासून अशाच गाडीत राहतात. तो संगणकाचं काम गाडीतून करतो, ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आता कारवारला समुद्राकाठी आहेत. पुढच्या महिन्यात वर पुण्याकडं जाणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "वाटेवर आपलं रान हाय की. थांबा दोन दिस."

ती म्हणाली, "आई, उंबरा नाही चढायचा म्हणालेत आप्पा. रानाचं काय म्हणाले नव्हते, नाही?"

"न्हाय. रानाचं काय न्हाय म्हणाले."

एवढ्यात फाटकात ह्यांचा खोकला ऐकू आला. हल्ली दर रविवारी परत येताना फाटकातच मोठमोठ्यानं खोकतात. साखर कारखान्याची काजळी घशात जात असणार, हंगाम जोरात आहे. मी घाईनं फोन ठेवला आणि आलं घालून काढा केला. काढा पिता पिता विचारलं त्यांनी, "बरं हाय न्हवं सगळं?"

"कुणाचं?"

"तुझं."

३ फेब्रुवारी

व्हायला नको ते झालं.

शनिवारी एक मोठी गाडी आली होती. लांबचे लोक, घाईतले. हे बाजारात गेले होते. त्या माणसाला बांधापर्यंत पेटी न्यायचा कंटाळा आला. त्यानं ती ओट्यावरच उघडली आणि निळ्या नळाची नळी, प्यायच्या पाण्याची, तिच्या तोंडात खोल घालून धुवायला लागला. मी खिडकीतून ओरडले. तेवढ्यात लाइट गेली. मोटर बंद पडली आणि नळीतलं पाणी उलटं फिरलं. विहिरीतल्या पाइपाचा खालचा व्हॉल्व्ह झिजलेला होता. पेटीतली घाण ओढून घेऊन पाणी मागं विहिरीत गेलं.

आमच्या विहिरीत. जिचं पाणी ह्यांच्या आज्यापासून घरात पितात.

हे आले, त्यांनी ऐकून घेतलं. त्या माणसाला एक वाईट शब्द बोलले नाहीत. तो निघून गेल्यावर विहिरीच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी म्हटलं, चूक त्याची. म्हणाले, "व्हॉल्व्ह माझा." मग मला म्हणाले, "आता कुणाला बोलवायचं हितं? कुठल्या तोंडानं?"

धंद्याचा एवढा ध्यास ह्या वयात बरा नाही.

७ फेब्रुवारी

अरिहंतानं सगळ्यांना कळवून जागा बंद ठेवलीय. चार दिवस मोटर लावून विहीर उपसली. पाणी तळाला गेलं. आम्ही प्यायला शेजारच्या चिमणाबाईंच्या नळावरून आणतो.

आज विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची होती. आमच्या घरात पाणी फडक्यानं गाळून घेतात, आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव तसेच अलगद विहिरीत परत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. सासूबाईंच्या माघारी हे काम ह्यांनी कुणाला दिलं नाही. रोज सकाळी फडकं उलटं धरून, वर पाणी ओतून, दोरीनं हलकेच खाली सोडतात. आणि आज त्याच हातानं त्याच विहिरीत ते औषध टाकायचं.

अरिहंत म्हणाला, "काका, तुमी जावा आत. मी टाकतो."

"न्हाय. हीर माझी हाय. पाप दुसऱ्याच्या हातानं करायचं न्हाय."

त्यांनी बादलीत कालवलं, ओतलं, आणि हात धुतले. दिवसभरात एकदाच जेवले. मी म्हटलं, थोडं थांबला असता, पाणी आपोआप निवळलं असतं महिन्या-दोन महिन्यांत. म्हणाले, "महिना-दोन महिने कुणाकडं हायत?"

१० फेब्रुवारी

अरिहंत स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "काकी, एक नोंदणी आल्या. वीस तारखेची. नाव आर्यन."

माझ्या हातातली पळी खाली पडली. "रद्द कर. हीर खराब हाय म्हणून सांग."

"काकांनी बघितलंय."

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, दोन नंबर दे."

दोन नंबर! घराच्या अगदी समोर. लांबच्या ओट्यावर असते तर निदान तोंडाला तोंड लागलं नसतं. समोर उभं करून काय बोलायचं ठरवलंय ह्यांनी? दारातलं ते एक वाक्य मी चार वर्षं ऐकतेय. आर्यनसमोर तसं काही बोलले, तर माझी पोर परत तोंड दाखवणार नाही.

रविवारची वाट न बघता मी आदितीला फोन लावला. म्हटलं, येऊ नका. ती म्हणाली, "आई, जागा सगळ्यांना खुली आहे ना? आम्ही रीतसर नोंदणी केलीय." बापाचीच लेक.

१४ फेब्रुवारी

तपासायला दिलेलं पाणी परत खराब निघालं. हे जेवणावरून उठले आणि परत उपसा सुरू केला. आत गडी सोडून दगडन् दगड घासून घेतला. नवा व्हॉल्व्ह बसवला. लाल नळाला वेगळी टाकी दिली, म्हणजे ते पाणी विहिरीच्या लाइनीला कधीच लागणार नाही. आणि निळ्या नळांच्या नळ्या इतक्या आखूड केल्या की कुणी ठरवलं तरी पेटीपर्यंत पोचणार नाहीत.

मी म्हटलं, "एवढी घाई कशाला? तोवर टँकर मागवू की. पावणं काय, कुठलंबी पाणी भरून घेतील."

"टँकरचं न्हाय."

"का?"

"हिरीचंच पायजे."

"बाकीचे पावणे तर..."

"त्रिशला, हिरीचंच पायजे म्हटलं न्हवं." आणि मोटरीकडं निघून गेले. हट्टी माणूस. कामात बुडून जातात म्हणजे माझ्याशी बोलायला नको. वीस तारखेचा विषय मी दोनदा काढायला गेले आणि दोनदा ह्यांनी पाइपाचं काढलं.

१८ फेब्रुवारी

पाणी चांगलं निघालं. अरिहंतानं कागद वाचून दाखवला, तर ह्यांनी तो परत वाचायला लावला. मी विहिरीचं पाणी फडक्यानं गाळून पेला भरून दिला. ओट्यावर बसून हळूहळू प्याले. डोळे भरून आले होते. टीसीएलचा वास अजून पुरता गेलेला नाही, झोंबतो.

२० फेब्रुवारी

आली.

पांढरी गाडी, दारावर तिनंच रंगवलेला खंड्या. मी स्वयंपाकघरातच थिजून उभी राहिले. हे फाटकापासून गाडीपुढं चालत आले, हात हलवत, सगळ्यांना करतात तसंच. "या पावणं. डावं घ्या. आणखी डावं. बास."

पावणं म्हणाले. बरं वाटावं की वाईट, मला कळेना.

आर्यन खाली उतरला. फोनमध्ये दिसतो त्याहून केवढा उंच! त्यानं हात जोडले. ह्यांनीही जोडले. आणि लगेच नळाकडं वळले. "ह्यो निळा, प्यायचा. नळी जमिनीला लावायची न्हाय, तोंडबी आधी धुऊन घ्यायचं. सांडपाणी त्या चरात. संडासाचं तिकडं, बांधाला, लाल नळ. समजलं?"

"समजलं काका."

"हिरीचं पाणी हाय. तपासून घेतलंय. कागद दाखवू?"

"नको काका. तुमच्यावर विश्वास आहे."

ह्यांनी नळी उचलली. इतर गाड्यांना नळी हातात देऊन मोकळे होतात, ह्या गाडीची टाकी मात्र स्वतः भरली. नळीचं तोंड धरून उभे. आदिती गाडीच्या दारात होती, चार हातांवर. हे तिच्याकडं बघत नव्हते, ती ह्यांच्याकडंच बघत होती. टाकी भरली, पाणी वर आलं, ह्यांच्या पायांवर सांडत राहिलं. पाणी तुपासारखं वापरणारा माणूस, बंद करायचंच विसरला. शेवटी आर्यननं नळ फिरवला.

मग मी धावले. अनवाणी, हाताला पीठ तसंच. आदितीच्या केसांना रंगाचा वास येत होता. वाळलीय. मी म्हटलं, चल घरात. ती म्हणाली, "बोलावलं तर येईन, आई."

"मी बोलावतेय की."

"तू कधी नको म्हणालीसच नाही. ज्यांनी नको म्हटलं त्यांनी बोलवायला हवं."

२१ फेब्रुवारी

ताट झाकून गाडीत नेलं. भाकरी, मुगाची आमटी, दही. आर्यननं आमटी दोनदा मागितली. निघताना दारात ह्यांनी अडवलं होतं. मला वाटलं, नको म्हणतात आता. झाकण उचलून बघितलं आणि म्हणाले, "गूळ कुटाय?" आत जाऊन स्वतः गुळाचा खडा आणून ठेवला. पाहुण्याला गूळ द्यायची पद्धतच आहे आपली.

दिवसभरात आर्यनशी चारदा बोलले. तेल अडवायच्या हौदाबद्दल, कर्दळीबद्दल, पाण्याच्या दाबाबद्दल. आदितीशी एक शब्द नाही. ती झाडाखाली बसून विहिरीचं चित्र काढत होती. हे तिच्या मागून बांधाकडं जायचे, यायचे. एवढी बांधाकडं काय कामं असतात?

२२ फेब्रुवारी

आज सकाळचं लिहायला हवं, नीट.

आर्यननं गाडीच्या बाजूचं झाकण उघडून संडासाची पेटी बाहेर काढली. सगळे पाहुणे आपली पेटी आपणच बांधाला नेतात, तसा ह्यांचाच नियम आहे. मी कपडे वाळत घालत होते. हे कुठून तरी झपाझपा आले आणि पेटीच्या मुठीला हात घातला.

"ठेव. मी नेतो."

आर्यननं सोडली नाही. "नको काका. आमचं आम्ही करतो."

"अरे मी नेतो म्हणतोय न्हवं. तू हितं पावणा हायस."

"काका," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मुठीवरची बोटं पांढरी पडली होती. "माझ्या आज्जीचं, यल्लव्वाचं, एकच सांगणं होतं. दुसऱ्याची घाण आपण उचलायची नाही. आणि आपली दुसऱ्याला उचलू द्यायची नाही. तिनं लय उचलली होती. आमच्या घरात त्यावर कुणी वाद घालत नाही."

आदिती गाडीच्या पायरीवर येऊन उभी राहिलेली. मला वाटलं, आता होतं काय ते.

हे खाली बघत राहिले, पेटीकडं. म्हणाले, "बरोबर हाय तिचं." आणि मग, "म्हातारी हाय अजून?"

"नाही. दोन वर्षं झाली."

"हं."

तरी ह्यांनी मुठीवरचा हात काढला नाही. "तुझी तुला न्यायची हाय, तर मी आडवं येत न्हाय. पर घरातली माणसं एकमेकांचं धरत्यात. तुझ्या आज्जीनं त्येला न्हाय म्हटलं न्हवतं न्हवं?"

आर्यन ह्यांच्याकडं बघत राहिला. मग थोडा बाजूला सरकला, मुठीवर जागा करून दिली. एका बाजूनं हा, एका बाजूनं हे, मध्ये ती पेटी, असे दोघं बांधावरून गेले. आर्यन उंच, हे बुटके, पेटी ह्यांच्याकडं कलत होती. तो गुडघ्यात वाकून चालत राहिला, बांध संपेपर्यंत. तिथं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. लाल नळ सुटल्याचा आवाज आला.

आदिती पायरीवर बसून रडत होती. मी ओले कपडे खांद्यावर घेऊन तशीच उभी.

परत आल्यावर हे हात धुऊन अंघोळीला गेले. मी म्हटलं, 'घरातली माणसं' म्हणालात. म्हणाले, "टॉवेल दे."

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या सकाळी ते पुण्याला निघणार. दिवसभर मी चकल्या, चटण्या बांधत होते. ह्यांनी गाडीची टाकी परत काठोकाठ भरून दिली.

दिवस कलला. हे दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाहीत, म्हणून त्याआधी मी पेला भरून ठेवते. आजही ठेवला. हे रानातून आले, पेल्याकडं बघितलं आणि न पिता मागल्या दारानं बाहेर पडले. मी खिडकीशी गेले.

गाडीचं दार उघडं होतं. हे पायरीपाशी थांबले. चपला काढल्या. टोपी काढून हातात घेतली, परत घातली.

"आदिती."

चार वर्षांनी ते नाव ह्या आवाजात ऐकलं.

"आप्पा?"

"पाणी दे की गं जरा. दिवस बुडायच्या आत."

ती आत होती, पण हललेली दिसली नाही. आर्यन उठला. नळ सोडला. मला त्याच्या हातातलं फडकं दिसलं. आमच्यासारखंच, पेल्यावर धरलेलं. पेला घेऊन तो दारात आला.

"मामा, बाहेर उभं राहून कशाला? आत या की."

हे पायरी चढले. आत जागा एवढीशी. ज्या बाकावर आदितीनं चित्रं पसरली होती ती तिनं भराभरा गोळा केली, हे बसले, आर्यनच्या हातातून पेला घेतला आणि प्याले. सगळा. दाढी पुसली. पेला पुढं केला.

"अजून दे."

दुसऱ्या पेल्याला आदिती उठली.

मी गॅस बंद करतेय तोवर ह्यांची हाक आली, "त्रिशला, तूबी ये की! बसाय जागा हाय." पदर सावरत गेले. चौघांनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं तेवढी जागा होती. हे बेसिनच्या नळाकडं बघत म्हणाले, "सकाळी न्याहारी घरात करायची. सगळ्यांनी. मग जायचं."

आदिती म्हणाली, "आणि उंबरा, आप्पा?"

"उंबरा माझा हाय. त्येचं काय करायचं ते मी बघतो."

ती हसायला लागली आणि हसता हसता ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ह्यांनी टोपी काढली, का ते कळलं नाही, आणि तिच्याच डोक्यावर ठेवली, लहानपणी ठेवायचे तशी.

माणसाचं मन असं एकाएकी कसं पालटतं, मला अजून उमगत नाही.

बाहेर कारखान्याच्या धुराड्यामागं सूर्य गेला. मग कुणीच पाणी मागितलं नाही, आणि कुणी उठलंही नाही.